दीपस्तंभ क्रमांक नऊ वाढवण्याबाबत

कोणतीही गोष्ट सुरू करायला एक माणूस पुरतो, चालू ठेवायला एकही लागत नाही, आणि बंद करायला मात्र समिती लागते. पश्चिम किनारा प्रसारण मंडळाच्या कार्डिफ कचेरीत बत्तीस वर्षं इतिवृत्तं लिहून मी हा नियम स्वतः पारखून घेतला आहे. या काळात मंडळाने दोन इमारती, एक उपाहारगृह आणि तीन संचालक बंद केले, पण कार्यक्रम एकही बंद केला नाही. तो शब्दच मंडळाच्या वापरात नाही. कार्यक्रमाला फक्त ‘विश्रांती’ देतात. १९७१ साली विश्रांतीला पाठवलेला बागकामाचा कार्यक्रम अजून विश्रांती घेतो आहे. त्याचा निवेदक मधल्या काळात वारला, तरी दर नाताळला मंडळाचं शुभेच्छापत्र त्याच्या पत्त्यावर जातं, आणि त्यात ‘लवकरच भेटू’ असं छापलेलं असतं.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपणही दुकान बंद करत नाही, वाढवतो. आपल्या बायकांच्या बांगड्या फुटत नाहीत, वाढतात. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, मग परत यायचा विचार असो वा नसो. हे मी एकदा आमच्या समितीच्या अध्यक्ष फिलिपा रॅटनबरी बाईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “किती सुसंस्कृत लोक हो तुम्ही.” मला इथे कधी परकं वाटलं नाही, ते यामुळेच. (माझं आडनाव पेंडुरकर. इथे सगळे ‘पेन’ म्हणतात. मी लिहिण्याचंच काम करत असल्यामुळे कुणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.)

आता मूळ विषय. ‘दीपस्तंभ क्रमांक नऊ’ ही वैज्ञानिक मालिका १९६४ पासून शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लागते. आकाशगंगेच्या पार टोकाला, जिथून पुढे काहीच नाही, अशा एका खडकावर दीपस्तंभ आहे. त्यात एक रखवालदार असतो आणि तो जाणाऱ्या-येणाऱ्या यानांना दिवा दाखवतो. (एकसष्ट वर्षांत त्या बाजूने सात यानं गेली. त्यांतली पाच रस्ता चुकलेली होती.) नट म्हातारा झाला किंवा त्याला बरं काम मिळालं की रखवालदाराची बदली होते आणि नवा येतो. आतापर्यंत चौदा झाले. चौदावी रखवालदार नाओमी ऑफोरी ही मुलगी मालिका सुरू झाली तेव्हा जन्मली नव्हती, तिची आईही जन्मली नव्हती, पण मालिकेचं भवितव्य काय असं विचारलं की ती फार समजूतदारपणे हसते.

आणि दर हंगामाच्या शेवटी ग्रॉम येतो.

ग्रॉम हा राक्षस आहे. १९६४ साली पैसे संपत आल्यावर तो काथ्याच्या चौऱ्याण्णव पायपुसण्यांपासून शिवला गेला. पोटावर बारकाईने पाहिलं तर अजून ‘सुस्वागतम्’ अशा अर्थाची अक्षरं उलटी दिसतात. तो खडक चढून वर येतो, दारावर तीनदा टकटक करतो आणि ‘ग्रॉऽऽम’ असं ओरडतो. मग रखवालदार वरून त्याच्यावर काहीतरी सोडतो: किरण, वाफ, एका वर्षी नुसतं गरम पाणी. ग्रॉम निघून जातो. पुढच्या वर्षी परत येतो. त्याला आत का घेत नाहीत यावर विद्यापीठांत तीन प्रबंध झाले असून, तिघांच्या मते तो मानवाच्या आदिम भयाचं प्रतीक आहे. खरं कारण असं, की दार तीस इंच रुंद होतं आणि ग्रॉम एकेचाळीस.

त्या पायपुसण्यांच्या आत १९८७ पासून ईव्हॉर प्रॉसर उभा आहे.

ईव्हॉर आता चौऱ्याहत्तर वर्षांचा. कार्डिफच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या वस्तीत तो आणि त्याची बायको बेथन राहतात. अडतीस वर्षांत त्याचा चेहरा पडद्यावर आलेला नाही आणि ‘ग्रॉऽऽम’ सोडून त्याने एक अक्षर उच्चारलेलं नाही. माणूस इतका भिडस्त, की शेजाऱ्याने चुकून ‘ईव्हान’ म्हटलं तर याने दुरुस्त केलं नाही, आणि एकोणीस वर्षं त्या गल्लीत ईव्हान म्हणून राहिला. आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती घरची मोठी सून आहे.

पण या ईव्हॉरला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मालिकेचे मूळ लेखक हॅडली कॉब मरताना एक लखोटा मंडळाच्या तिजोरीत ठेवून गेले. त्यावर लिहिलं होतं: ‘मालिकेच्या शेवटच्या भागात ग्रॉमला आत घ्यावं. त्याने मुंडकं उतरवून, आपण इतकी वर्षं का येत होतो ते एका वाक्यात सांगावं. वाक्य आत आहे. जो आत असेल त्यानेच ते म्हणावं.’ नोकरीला लागताना ईव्हॉरला हा लखोटा लांबून दाखवण्यात आला होता. तेव्हाच्या निर्मात्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “आता एकदोन वर्षांचाच प्रश्न आहे.”

उपाहारगृह बंद झाल्यापासून आम्ही दोघं जिन्याखाली बसून डबा खातो. गेल्या मार्चमध्ये ईव्हॉरने आपलं चीझ-पावाचं पुडकं उघडलं, पुन्हा बांधलं आणि म्हणाला, “पेन, तुला वेळ असेल तर एक विचारू?”

“अरे, समोरच बसलोय ना तुझ्या.”

“नाही म्हणजे, घाई नाही. डॉक्टर म्हणाली, गुडघे आणखी एक हंगाम काढतील. मग खडक चढणं नाही.”

“मग?”

“मग ते वाक्य दुसराच कोणीतरी म्हणेल.” तो पुडक्याकडे बघत राहिला. “वाईट काही नाही त्यात. चांगलाच असेल तो माणूसही. पण मी अडतीस वर्षं दार वाजवलंय, पेन. मी का वाजवतोय ते मला तरी कळायला हवं होतं.”

मी पुष्कळ इतिवृत्तं लिहिली आहेत. इतकी सरळ मागणी त्यांत कुठेही नाही. मला गलबलून आलं आणि मी त्याला माझ्या डब्यातली अर्धी थालीपीठं दिली. तो ‘वा, वेगळंच आहे’ म्हणाला, म्हणजे त्याला तिखट लागलं.

आता भवितव्य समितीविषयी. मालिकेचं भवितव्य ठरवण्यासाठी ही समिती २००९ साली नेमली गेली. सदस्य चौदा. आजवर बैठका त्र्याण्णव झाल्या. निर्णय दोन: बिस्किटं बदलावीत, आणि जुनीच बरी होती. समितीची रीत अशी, की कोणी कोणाला नाही म्हणायचं नाही. ‘विचार करू’ म्हटलं की तो नकार असतो, हे सर्वांना कळतं. पण इतिवृत्तात ‘विचार करण्याचे ठरले’ असंच लिहावं लागतं. माझ्या दप्तरात चारशे सहा गोष्टींचा विचार चालू आहे.

समितीसमोर दोन आकडे नेहमी असत. मालिका चालू राहिलीच पाहिजे, या निवेदनावर अकरा लाख सह्या होत्या. मालिका प्रत्यक्ष बघणारे होते चार हजार तीनशे सहा. (यांपैकी एकोणीसशे घरांत टीव्ही कुत्र्याला सोबत म्हणून चालू ठेवलेला असे.) निवेदनात ‘शेवटचा भाग कधी बघितलात?’ असा एक रकाना होता. आलेली उत्तरं: ‘लहानपणी’, ‘आमचे बाबा बघायचे’, ‘आता वेळ कुठे मिळतो’, आणि साडेसहा हजार जणांनी विचारलं होतं, ‘अजून चालू आहे?’

हे सह्यांचं काम दीपस्तंभ मित्रमंडळाचं. त्यांचे अध्यक्ष क्लाइव्ह टँकर्ड हे रेल्वेच्या वेळापत्रक खात्यातून निवृत्त झालेले, अतिशय निष्ठावान गृहस्थ. रखवालदाराची टोपी घातल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. त्यांची साक्ष मी शब्दशः उतरवून घेतली होती.

“तुम्ही दर आठवड्याला बघता?” रॅटनबरी बाईंनी विचारलं.

“छे हो. नवव्या रखवालदारानंतर सोडलं मी. दर्जा घसरला.”

“न बघता कसं कळलं?”

“बघितलं असतं तर सवय झाली असती बाई. न बघितल्यामुळे घसरण स्पष्ट दिसते.”

चौदाही सदस्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण हे तर्काला धरून होतं.

दोन आकड्यांचा मेळ बसेना म्हणून समितीने प्रेक्षक मोजणंच सोडून दिलं आणि उत्सुकता मोजायला घेतली. हा नियम सात-ब. त्यानुसार, कोणीही, कुठेही, कोणत्याही भाषेत ‘पुढे काय झालं?’ असं विचारलं की ती एक मागणी धरायची. मालिका विश्रांतीवर असताना अशा दहा लाख मागण्या जमल्या, तर विश्रांती संपली असं समजून सगळ्यांना जुन्या जागी कामाला बोलवायचं. मनातल्या मनात विचारलेला प्रश्न, तो इतिवृत्त लेखकाच्या लक्षात आल्यास, ग्राह्य धरावा, असं मीच सहज सुचवलं होतं. मला वाटलं, हसतील. कोणी हरकत घेतली नाही. (हसलंही नाही.)

आता त्र्याण्णवावी बैठक. त्या दिवशी ईव्हॉरला कलाकारांचा प्रतिनिधी म्हणून बोलावलं होतं. तो पायपुसण्यांच्या खोलीतून तसाच आलेला, त्यामुळे कोटावर काथ्या. रॅटनबरी बाईंनी चहा ओतत विचारलं, “मिस्टर प्रॉसर, भवितव्याबद्दल आपल्याला काही सांगायचंय का?” हा प्रश्न त्या गेली सोळा वर्षं प्रत्येकाला विचारत. उत्तर ‘नाही, सगळं छान आहे’ असं असतं. मी ते आधीच लिहून ठेवलं होतं.

ईव्हॉर उभा राहिला. त्याने कपबशी टेबलावर नीट ठेवली.

“आपली फार गैरसोय होणार नसेल तर,” तो म्हणाला, “मला माझं वाक्य म्हणायचं होतं. नाही म्हणजे, जमलं तरच. माफ करा, मी विचारायलाच नको होतं.”

आता सांगतो. या लोकांना आरडाओरडा करणाऱ्याला हाकलता येतं, धमकी देणाऱ्याला चहा पाजून घालवता येतं, मंत्र्याला वर्षभर बाहेर बसवता येतं. पण कोणी आधी गैरसोयीची चौकशी केली, मग मागितलं आणि लगेच मागितल्याबद्दल माफी मागितली, तर त्याला नाही म्हणण्याची सोय यांच्या भाषेतच नाही. चौदा जण आपापल्या कपांत बघू लागले. रॅटनबरी बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. यांपैकी कोणीतरी हरकत घेईल अशी त्यांना खात्री होती. प्रत्येक सदस्याला शेजाऱ्याबद्दल तीच खात्री होती.

“कोणाची हरकत?” बाईंनी विचारलं.

“माझी कशाला असेल,” पहिला म्हणाला.

“इतरांची नसेल तर माझी नाही,” दुसरी म्हणाली.

अशा रीतीने एकसष्ट वर्षांची मालिका चाळीस सेकंदांत संपवण्यात आली. संपवली आहे हे समितीला कळलं ते खाली, कोट चढवताना. ते वाक्य म्हणायचं तर शेवटचा भाग करावा लागतो, आणि शेवटच्या भागानंतर भाग नसतो, असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं. चौदाच्या चौदा जणांना मालिका चालू हवी होती. रॅटनबरी बाई माझ्याकडे वळल्या. “पेन, इतिवृत्तात नेमकं काय लिहिलंत?” मी म्हटलं, “एकमताने मंजूर.” त्या हळूच म्हणाल्या, “अरे देवा. पुन्हा वर जाऊन हरकत घेणं बरं दिसेल का?” आणि ते बरं दिसणार नाही, यावर पुन्हा एकमत झालं.

बातमी फुटली तशी देशभर हळहळ पसरली. ज्यांना मालिका चालू आहे हे ठाऊक नव्हतं, त्यांना ती बंद होतेय हे ऐकून फार वाईट वाटलं. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. एका खासदाराने, आपण सोफ्यामागे लपून ग्रॉमला बघत मोठे झालो, असं सांगितलं. (जन्मतारखेवरून ते त्या काळात वसतिगृहात होते, आणि तिथे टीव्ही नव्हता. पण सोफा त्यांना स्पष्ट आठवत होता.) टँकर्ड साहेबांनी ‘दिवा वाचवा’ मोहीम काढली. शेवटचा भाग शनिवारी सहा दहाला थेट प्रसारित व्हायचा होता. बरोबर त्याच वेळी, स्टुडिओच्या दारात, हातात कंदील घेऊन सर्व चाहत्यांनी मूक निदर्शनं करावीत, असं ठरलं.

हा ठराव मी मित्रमंडळाच्या पत्रकात दोनदा वाचला. मग टँकर्ड साहेबांना फोन केला. म्हटलं, “साहेब, सगळे दारात उभे राहिले तर बघणार कोण?”

ते दुखावले. “पेन, ही वेळ बघत बसण्याची आहे का?”

शनिवारी पाच वाजल्यापासून लोक जमले. बारीक भुरभुर चालू होती, म्हणजे इथल्या हिशेबाने कोरडं होतं. निदर्शकांचा घोळका म्हणे करायचा होता, पण पहिले दोघं एकामागे एक उभे राहिले आणि तिसऱ्याला त्यांच्या शेजारी उभं राहणं घुसल्यासारखं वाटलं. त्यामुळे सहाच्या सुमाराला सव्वा मैल लांबीची रांग झाली. ती वळून नदीपर्यंत गेली, आणि तिच्या शेवटच्या भागातल्या चारशे लोकांना वाटत होतं की पुढे मासे मिळताहेत. फलकांवर ‘आम्ही खरोखर थोडे नाराज आहोत’ असं लिहिलेलं होतं. अनेकांनी कोपऱ्यात ‘क्षमस्व’ही जोडलं होतं.

आत आम्ही वीसएक माणसं. सुताराने दाराची चौकट अकरा इंच कापून ठेवली होती. सहा दहाला लाल दिवा लागला. ईव्हॉर खडक चढू लागला. तो खडक प्लायवूडचा आणि साडेपाच फुटांचा आहे, पण मी त्याचे गुडघे ऐकत होतो. तो वर पोचला, थांबला आणि त्याने तीनदा टकटक केली. अडतीस वर्षांची सवय, म्हणून किंचित मागे सरकला.

दार उघडलं.

“या,” नाओमी म्हणाली. संहितेत एवढंच होतं.

ईव्हॉर आत आला आणि पाय पुसू लागला. स्वतः चौऱ्याण्णव पायपुसण्यांचा बनलेला राक्षस दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसत होता, आणि ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मग त्याने मुंडकं उतरवायला घेतलं. निघेना. नाओमीने कान धरून ओढलं, तो ‘सॉरी’ म्हणाला, ती ‘सॉरी’ म्हणाली, आणि अखेर बाटलीचं बूच निघावं तसं ते निघालं. आत ईव्हॉरचा लाल, घामेजलेला, केसांत काथ्या अडकलेला चेहरा. त्याने दिव्याकडे पाहून डोळे मिचकावले. मग लखोटा फोडला आणि कागद हातभर लांब धरला. चष्मा घरी होता.

थेट प्रसारणात इतिवृत्त लेखकाने शिरल्याचं मंडळाच्या इतिहासात ते एकमेव उदाहरण. मी गेलो, माझा चष्मा त्याच्या नाकावर ठेवला आणि बाजूला झालो. ईव्हॉरने आधी मनात वाचलं. त्याचे ओठ हलले. मग त्याने चष्म्यावरून नाओमीकडे पाहिलं आणि अगदी त्याच्या रोजच्या आवाजात म्हणाला:

“माफ करा हं, मी शेजारी राहतो. तुमचा हा दिवा रात्रभर आमच्या खिडकीतून आत येतो. फार त्रास नसेल तर जरा मालवाल का? मला एकसष्ट वर्षं झोप नाही.”

नाओमीच्या संहितेत पुढे काही नव्हतं. तिने तोंडावर हात ठेवला. “अगं बाई,” ती म्हणाली, “आधी सांगायचं नाही का हो?”

“सांगतच होतो,” ईव्हॉर म्हणाला. “तुम्ही गरम पाणी टाकायचात.”

नाओमी जिना चढून वर गेली आणि तिने दिवा मालवला.

पडदा काळा झाला. मी रडत होतो, ध्वनिमुद्रक रडत होता, रॅटनबरी बाई भिंतीकडे तोंड करून पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. अंधारात ईव्हॉरचा आवाज आला, “झालं का बरोबर?” कोणीतरी म्हणालं, “अगदी वाईट नाही झालं.” यापेक्षा मोठी दाद मी इथे बत्तीस वर्षांत ऐकलेली नाही.

बाहेर काय झालं? स्टुडिओच्या छपरावर दीपस्तंभाचा एक मोठा दिवा १९६४ पासून फिरत असे. तो आतल्या दिव्याला जोडलेला होता. तो विझला तेव्हा, वीज गेली असेल असं समजून, रांगेतल्या लोकांनी आपापले कंदील सौजन्याने थोडे वर धरले.

शेवटचा भाग बघणाऱ्यांची अधिकृत संख्या अडतीस. तपशील: बेथन, बेथनची बहीण, एका वृद्धाश्रमातले एकतीस जण (रिमोट सापडत नव्हता), आणि पाच कुत्री. तो भाग आता केव्हाही बघता येतो, त्यामुळे नंतर कोणी बघितलेला नाही. टँकर्ड साहेबांना मी ते वाक्य सांगायला गेलो, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. “सांगू नका. मी सवडीने बघणार आहे.” त्यांची सवड नवव्या रखवालदारापासूनची आहे.

ईव्हॉर सुखात आहे. बेथन म्हणते, “सकाळी नऊपर्यंत घोरतो मेला. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हा कधी पहाटे पाचनंतर अंथरुणात नव्हता.” गुडघ्याला पट्टा बांधून त्याने मागच्या अंगणात घेवडा लावला आहे. गेल्या महिन्यात त्याने शेजाऱ्याला सांगितलं, “माझं नाव ईव्हॉर आहे.” शेजारी म्हणाला, “मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?” आणि दोघं पोटभर हसले. मी त्याला हे असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला मनापासून वाटतं की या माणसाने आता त्या पायपुसण्यांत पुन्हा कधी पाय घालू नये.

अडचण एकच आहे. मालिकेला, रीतीप्रमाणे, विश्रांती देण्यात आली आहे. म्हणजे नियम सात-ब लागू आहे. पहिल्या आठवड्यातच फोन, पत्रं आणि रांगेतली कुजबुज धरून, ‘पुढे काय झालं?’ असं विचारणाऱ्यांचा आकडा भराभर चढला. मग एका बिस्किटाचा आकार बदलला, लोक तिकडे निदर्शनांना गेले आणि आकडा थांबला. तो थांबला आहे नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णववर. आणखी एक आला की ईव्हॉरला पत्र जाईल. तो पोशाख अडतीस वर्षांत त्याच्याच अंगाचा होऊन बसलाय, दुसऱ्या कोणाला होत नाही. आणि ईव्हॉर काही नाही म्हणणार नाही. तो म्हणेल, “विचार करतो.” त्याचा अर्थ सगळ्यांना कळेल, आणि इतिवृत्तात वेगळंच लिहावं लागेल.

म्हणून मी ही हकीकत इथल्या कोणाला सांगितलेली नाही. पण पोटात राहीना. शेवटी विचार केला, मराठीत लिहावी. लांबचे लोक, शहाणे लोक, दुकान वाढवलं म्हणजे काय ते ज्यांना न सांगता कळतं. ते वाचतील, ‘बरं झालं बिचाऱ्याचं’ म्हणतील आणि पान मिटतील. ईव्हॉर झोपलाय. घेवडा वर चढतोय. गोष्ट इथे संपली.

तुम्ही आत्ता मनात काय म्हणालात, ते माझ्या लक्षात आलं आहे. मला ते लिहून घ्यावं लागेल.